चिंचवड ते मोरगाव : श्रीमोरया गोसावी यांची एकट्याची वारी

चिंचवडहून मोरगाव सुमारे ८० किलोमीटर आहे. जुन्या हिशेबाने पंचवीस कोस. आज सकाळी मोटारीने निघालेला माणूस दुपारच्या आत मयूरेश्वराचे दर्शन घेतो आणि दिवेलागणीला घरी परत येतो. पण ज्या काळी धड रस्ता नव्हता, नद्यांवर पूल नव्हते, घाटात चोरांची आणि रानात वाघरांची भीती होती, त्या काळी हेच अंतर एक पुरुष दर महिन्याच्या चतुर्थीसाठी पायी तोडीत असे. आणि तेही एकट्याने. त्यांचे नाव श्रीमोरया गोसावी.

गणेशोत्सवात लहान पोर देखील बाप्पाच्या नावापुढे मोरया म्हणून आरोळी देते. हा मोरया कोण, असे विचारले तर पुष्कळांना ते गणपतीचेच एखादे नाव वाटते. देवाच्या नावाला ज्याचे नाव कायमचे जोडले गेले असा हा भक्त आपल्या पवनाकाठचा, आपल्या पंचक्रोशीतला, हे नव्या पिढीला ठाऊक असावे म्हणून हे अल्प चरित्र येथे दिले आहे.

महाराजांच्या कालाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंपरा त्यांचा जन्म चौदाव्या शतकात मानते. काही अभ्यासक त्यांना थेट सतराव्या शतकात आणून बसवतात. त्यांचे चिरंजीव चिंतामणी महाराज आणि देहूचे श्रीतुकाराम महाराज यांच्या भेटीची कथा सर्वत्र प्रसिद्ध आहे. तुकोबांचे निर्वाण १६५० सालचे. चिंतामणी महाराजांनी वडिलांच्या समाधीवर बांधलेल्या मंदिराचा शिलालेख १६५८-५९ सालचा आहे. हे दोन आकडे समोर ठेवले म्हणजे फार जुन्या तिथ्या स्वीकारणे जड जाते. परंतु भाविकाला सालापेक्षा चरित्र महत्त्वाचे, आणि चरित्राविषयी परंपरा बरीचशी एका सुरात बोलते.

महाराजांचे घराणे मूळचे बिदरकडचे, आडनाव शाळिग्राम. पिता वामनभट आणि माता पार्वतीबाई यांना अपत्य नव्हते. वामनभटांनी गाव सोडले, तीनशे किलोमीटरहून अधिक वाट तुडवून ते पत्नीसह कऱ्हेकाठी मोरगावी आले आणि तेथे त्यांनी मयूरेश्वराची आराधना केली. पुढे मुलगा झाला. देवाच्या प्रसादाने झाला म्हणून त्याचे नाव देवाच्याच नावावरून मोरया ठेवले. म्हणजे मोरगावची वाट या मुलाच्या जन्माआधीच त्याच्या घराने चालायला घेतली होती असे म्हणावे लागते.

मोरयांचे बालपण मोरगावात गेले. नयनभारती नावाच्या सत्पुरुषाने त्यांना उपदेश दिला आणि थेऊरला जाऊन अनुष्ठान करण्याची आज्ञा केली. थेऊर हे मुळा-मुठेच्या काठचे श्रीचिंतामणीचे स्थान, मोरगावहून चाळीस-पन्नास किलोमीटरवर. तरुण मोरया तेथे गेले आणि बेचाळीस दिवस अन्नपाण्याची शुद्ध न ठेवता ध्यानस्थ बसले, असे सांगतात. तेथे त्यांना साक्षात्कार झाला. मोरगावी परतल्यावर लोक त्यांच्याभोवती जमू लागले. कोणी आजार घेऊन येई, कोणी कज्जा घेऊन येई, कोणाला मूल हवे असे. साधनेला वेळ उरेना. आईवडील निवर्तल्यानंतर महाराजांनी मोरगाव सोडले आणि पवनेच्या काठी ताथवड्याजवळच्या रानात येऊन राहिले.

आज ताथवडे, वाकड, थेरगाव या गावांचे नाव घेतले की इमारती आणि मोटारींची गर्दी डोळ्यांसमोर येते. तेथे एका साधकाला एकांत मिळावा म्हणून येऊन राहण्याजोगे दाट रान होते, हे आता सांगूनही खरे वाटत नाही. त्या रानात महाराज राहत. गावातून कोणी दूध आणून देई. असे सांगतात की एके दिवशी नेहमीचे माणूस नव्हते, म्हणून घरातली आंधळी मुलगी चाचपडत दूध घेऊन आली आणि महाराजांच्या दारी तिला दृष्टी आली. ही वार्ता पसरली आणि एकांत पुन्हा संपला. पुढे ताथवड्याच्या गोविंदराव कुलकर्णी यांची कन्या उमा हिच्याशी महाराजांचा विवाह झाला. ते चिंचवडला राहू लागले, संसार केला, आणि संसारात राहून वारी केली.

कारण मोरगाव सोडले तरी मोरगावचा देव सुटला नव्हता. दर महिन्याच्या शुद्ध चतुर्थीला मयूरेश्वरासमोर हजर व्हायचे हा त्यांचा नेम. काही कथांत हा नेम भाद्रपदातल्या मोठ्या चतुर्थीपुरता सांगितला आहे, पण महिन्याची वारी हीच समजूत अधिक रूढ आहे. ती धरली तर हिशेब सोपा आहे. जाऊन-येऊन १६० किलोमीटर, आणि बारा महिन्यांचे १९०० किलोमीटरहून अधिक. हे एका वर्षाचे झाले. महाराजांनी ही वारी म्हातारपणापर्यंत चालवली.

पंढरीच्या वारीची आपल्याकडे सर्वांना सवय आहे, म्हणून या वारीतला फरक समजून घ्यायला हवा. पंढरीला माणूस दिंडीतून जातो. पुढे विणेकरी, मागे टाळकरी, डोईवर तुळस घेतलेल्या बाया, मुक्कामाला पाल आणि पंगत. कोणी थकला तर दुसरा त्याची पडशी घेतो. शिवाय एकादशीचा वारकरी वाटेच्या शेवटच्या टप्प्यात वाढत्या चंद्राबरोबर चालतो. मोरयांची वारी याच्या अगदी उलट. शुद्ध चतुर्थीला मोरगाव गाठायचे म्हणजे अमावस्येच्या सुमारास घर सोडायचे. महिन्यातल्या सर्वांत काळोख्या रात्री त्यांच्या जाण्याच्या वाटेवर येत. परतीला मात्र षष्ठी-सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीपर्यंत सोबत करी. सोबत म्हणजे तेवढीच.

त्या काळच्या एकट्या वाटसरूजवळ सामान ते किती असणार? खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पाण्याचा तांब्या, फडक्यात बांधलेली भाकरी किंवा सातूचे पीठ नि गुळाचा खडा. देवासाठी दूर्वा आणि फुले. बाकी भरवसा वाटेवरच्या गावांचा. एखाद्या देवळाच्या ओवरीत पथारी टाकावी, पहाटे उठून पुन्हा चालू लागावे.

चिंचवडहून निघाले की मुळा आणि मुठा या नद्या आडव्या येतात. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येई. श्रावण-भाद्रपदात मावळात पाऊस कोसळला की या नद्या दोन्ही काठ भरून वाहत. तेव्हा भोपळ्यांच्या सांगडीवर किंवा नावेतून पार व्हायचे, नाहीतर काठावर बसून पाणी उतरण्याची वाट पाहायची. तिथी मात्र कोणासाठी थांबत नाही. वर्षातली सर्वांत मोठी चतुर्थी नेमकी भाद्रपदात, नद्या फुगलेल्या असताना येते. या वारीची खरी कसोटी त्या महिन्यात लागे.

पुण्याच्या पुढे माळ, आणि माळापुढे घाट. दिवे घाट आणि बापदेव घाट या दोन वाटांनी कऱ्हेपठारावर चढता येते. आळंदीची पालखी दिवे घाटाने सासवडला जाते, म्हणून हा चढ आपल्याकडच्या वारकऱ्यांच्या पायांना ठाऊक आहे. पुणे ते सासवड हा त्या पालखीचा फार लांबचा टप्पा. तो चालून सासवडला टेकलेल्या माणसाला मोरया गोसावींच्या वारीविषयी वेगळे काही सांगायला नको. घाट चढला की मुलूख बदलतो. मागे भातखाचरांचा मावळ, पुढे ज्वारी-बाजरीचे कोरडे पठार. येथून कऱ्हा सोबतीला येते. ही नदी पुरंदरच्या डोंगरांतून निघते, सासवडवरून जेजुरीच्या बाजूने मोरगावला जाते आणि पुढे नीरेला मिळते. वाटसरूने तिच्या अंगाअंगाने चालत राहावे. जेजुरीला खंडेरायाचा गड दिसतो. तेथे पंढरीची वाट वाल्ह्याकडे वळते, आणि मोरगावची वाट सरळ पूर्वेकडे जाते. तेथून मोरगाव सतरा-अठरा किलोमीटर उरते.

इतके चालून गेल्यावर मोरगावात काय घडले, ती कथा या चरित्राचा गाभा आहे.

मोरगावच्या देवळात पूजेचा मान गावातल्या एका मोठ्या घराण्याकडे होता. चतुर्थीला त्या घरची माणसे, त्यांचे पाहुणे, आश्रित, यांनी देऊळ भरून जाई. एकदा मोरया पोहोचले तेव्हा गाभाऱ्यापर्यंत जाण्याची सोयच नव्हती. अंगावर वाटेची धूळ, मागे कोणी परिवार नाही, हातात दूर्वांची जुडी. अशा माणसाला वाट कोण देणार? महाराजांनी कोणाशी वाद घातला नाही. ते बाहेर एका झाडाखाली बसले आणि तेथेच देवाला मनोभावे पूजा अर्पण केली. कथा अशी की त्या वेळी झाडाखालची फुले गाभाऱ्यात मूर्तीवर दिसली, आणि मानकऱ्यांनी वाहिलेली फुले झाडाखाली आली. मानकऱ्यांना हा चमत्कार रुचला नाही. त्यांनी याला चेटूक ठरवले आणि मोरयांना देवळात येण्याची मनाई केली.

मानपानाचा प्रश्न कोणत्या गावाला चुकला आहे? पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणाच्या हातचा, यावरून भाऊभाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत, हे खेड्यात राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. मोरगावच्या मानकऱ्यांना केवळ वाईट माणसे म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही. त्यांच्या पूर्वजांनी ते देऊळ सांभाळले होते, दिवाबत्ती चालवली होती. परंतु ऐंशी किलोमीटर चालत आलेल्या माणसाला दारातच अडवण्याचा अधिकार या सेवेतून मिळतो काय, हा प्रश्न त्या दिवशी मोरगावात उभा राहिला. आख्यायिकेने त्याचे उत्तर देवाच्याच तोंडून दिले आहे. त्या रात्री मानकऱ्याच्या स्वप्नात गणपती आला आणि आपल्या भक्ताचा अपमान झाल्याचे सांगून त्याला परत बोलावण्यास फर्मावले. मानकरी महाराजांकडे गेले, त्यांनी क्षमा मागितली. महाराजांनी मात्र येण्यास नकार दिला.

या नकाराचा विचार करण्याजोगा आहे. संतचरित्रांत अपमान गिळणारे संत पुष्कळ भेटतात. येथे संताला वाईट वाटले आहे, आणि ते त्याने लपवलेले नाही. भांडण केले नाही. पण बोलावणे आले म्हणून लगेच उठून गेलेही नाहीत.

दुसऱ्या एका परंपरेत हाच प्रसंग महाराजांच्या वृद्धापकाळात घडतो. वय झाले, पाय चालेनात. चिंचवडहून निघालेले महाराज वाटेत रेंगाळत गेले आणि मोरगावी पोहोचले तेव्हा रात्र होऊन देवळाचे दरवाजे लागले होते. थकून ते बाहेरच पडून राहिले आणि त्यांना ग्लानी आली. त्या ग्लानीत देवाने दर्शन दिले. जाग आली तो दरवाजे उघडे. महाराजांनी आत जाऊन यथासांग पूजा केली. सकाळी पुजारी येऊन पाहतात तो बंद देवळात ताजी पूजा! देवाच्या गळ्यातला हार महाराजांच्या गळ्यात सापडला म्हणून त्यांच्यावर चोरीचा आळ आला, त्यांना कोंडण्यात आले, आणि मग देवानेच त्यांची सुटका केली, असेही त्या कथेत पुढे आहे.

दोन्ही कथांचा शेवट मात्र एक. देवाने महाराजांना सांगितले की आता तू येऊ नकोस, तुझे कष्ट मला पाहवत नाहीत. मीच तुझ्याकडे चिंचवडला येतो, आणि तुझ्या वंशात सात पिढ्या राहीन. त्यानंतर महाराज कऱ्हेत स्नानाला उतरले. बुडी मारून वर आले तेव्हा हातात श्रीगणेशाचा तांदळा आला. तो घेऊन ते परत निघाले. आजवर परतीच्या वाटेवर रिकाम्या हाताने चालणारा हा वारकरी त्या दिवशी देव घेऊन घाट उतरला. चिंचवडला त्यांनी त्या मूर्तीची स्थापना केली. हाच मंगलमूर्ती वाड्यातला मंगलमूर्ती.

पुढच्या आयुष्याविषयी थोडक्यात सांगता येईल. महाराजांना चिंतामणी नावाचा पुत्र झाला. त्यांनी गणेशभक्तीची पदे रचली आणि ती चिंचवडला परंपरेने गायिली जातात. पत्नीच्या निधनानंतर त्यांचे मन संसारातून निघाले, आणि मार्गशीर्ष वद्य षष्ठीला पवनेच्या काठी त्यांनी संजीवन समाधी घेतली. त्या तिथीला चिंचवडला दर वर्षी उत्सव भरतो.

समाधीवरील मंदिराची हकिगत या स्मरणिकेच्या वाचकांना विशेष वाटेल. शिलालेखाप्रमाणे शके १५८०, विलंबी संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वादशीला, म्हणजे १६५८ सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी, चिंतामणी महाराजांनी काम सुरू केले. पुढच्या विकारी संवत्सरात आषाढ शुद्ध चतुर्थीला, म्हणजे १६५९ च्या पावसाळ्यात, ते पुरे झाले. सुमारे आठ महिन्यांत घडीव दगडाचे मंदिर उभे राहिले. आज सिमेंट, लोखंड आणि यंत्रे हाताशी असताना देवळाची कामे किती वर्षे रेंगाळतात हे देणगीदारांना ठाऊकच आहे! शिवाय तो काळ शांततेचा नव्हता. मंदिर पुरे झाले त्याच साली प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध झाला, आणि १६६० साली शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला. त्याने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो किल्ला सुमारे दोन महिने झुंजवला. चिंचवड आणि चाकण यांत अंतर ते किती? अशा धामधुमीत बांधलेले ते मंदिर आज पवनाकाठी उभे आहे.

चिंतामणी महाराजांना तुकोबांनी देव म्हटले आणि तेव्हापासून घराण्याचे आडनाव देव पडले, अशी समजूत आहे. छत्रपतींच्या घराण्याचा आणि पेशव्यांचा चिंचवडवर लोभ राहिला. थेऊरचे मंदिर याच घराण्यातील धरणीधर महाराजांनी बांधले. थोरले माधवराव पेशवे यांनी त्याला सभामंडप जोडला आणि १७७२ साली तेथेच देह ठेवला. चिंचवडचा वाडा वाढवण्यात नाना फडणवीस आणि हरिपंत फडके यांचा हात होता. देवांची कीर्ती ऐकून १८०० साली एडवर्ड मूर नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी चिंचवडला येऊन गेला आणि पिढीजात चालणाऱ्या या देवपणाविषयी त्याने लिहिलेला लेख कलकत्त्याच्या एशियाटिक रिसर्चेस या ग्रंथमालेत १८०१ साली छापला गेला. १८०९ साली मारिया ग्रॅहम ही प्रवासी बाईही येथे येऊन गेली. दोघांनाही येथे जे पाहिले त्याचे मोठे नवल वाटले. त्यांनी वाडा पाहिला, परिवार पाहिला, मान पाहिला. या सगळ्याच्या मुळाशी घोंगडी खांद्यावर टाकून काळोखात निघणारा एक एकटा माणूस होता, हे परक्या पाहुण्यांच्या कितपत ध्यानात आले असेल, शंकाच आहे.

मोरगावच्या देवळाचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. ज्या मयूरेश्वराच्या दारातून मोरयांना बाहेर काढल्याची कथा आहे, त्या देवस्थानाची व्यवस्था कालांतराने चिंचवड देवस्थानाकडेच आली. थेऊर आणि सिद्धटेक येथील व्यवस्थाही त्याच देवस्थानाकडे आहे.

आणि वारी? देव घरी आल्यावर ती बंद व्हायला हरकत नव्हती; देवाने तसे सांगितलेच होते. पण ती बंद झाली नाही. भाद्रपदात आणि माघात, अशी वर्षातून दोनदा चिंचवडहून मोरगावला पालखी निघते. पालखीत मंगलमूर्ती असतो. म्हाताऱ्या भक्ताला चालावे लागू नये म्हणून जो देव कऱ्हेतून निघून चिंचवडला आला, त्यालाच लोक खांद्यावर घेऊन पुणे, सासवड, जेजुरी करीत पुन्हा कऱ्हेकाठी नेतात. मुळेवर आता पूल आहे, मुठेवर पूल आहे, घाटात डांबरी सडक आहे. मुक्कामाच्या गावी दारात पाणी तापत ठेवलेले असते, माणसे पायांवर डोके ठेवायला रांग लावतात. भाद्रपदातली पालखी निघते तेव्हा अमावस्या नुकतीच होऊन गेलेली असते, आणि रात्री आभाळात चंद्र नसतो.